पन्नाशी-साठीनंतर टेबल टेनिसचे करामती फटके: सराव नेमका कुठून सुरू करायचा

मोबाइलवर एखादा व्हिडिओ बघायचा, संध्याकाळी क्लबात जायचं आणि थेट पाठीमागून फटका मारायला जायचं. पन्नाशीपुढचे बहुतेक खेळाडू इथेच चुकतात. चेंडू लागत नाही, खांदा दुखतो आणि ‘आता आपलं वय राहिलं नाही’ म्हणून सगळंच सोडून दिलं जातं. अडचण वयाची थोडी आणि क्रमाची जास्त असते. करामती फटक्यात दिसते ती पोझ, पण काम करतात स्पिन (चेंडूला दिलेली गिरकी) आणि पायांची जागा. म्हणून आधी स्पिन, मग जागा आणि पोझ सगळ्यात शेवटी, हा क्रम ठेवायचा. तो ठेवला तर खाली दिलेले चार फटके साठीतही नीट बसतात: मागे येणारी सर्व्हिस, टप्प्यावर पळणारा लॉब (उंच टाकलेला चेंडू), नेटच्या बाहेरून जाणारा फटका आणि पाठीमागून मारायचा फटका.

उडी मारून, जमिनीवर झेपावून, स्वतःभोवती गिरकी घेऊन किंवा दोन पायांमधून मारायचे फटके इथे मुद्दाम घेतलेले नाहीत. कमावण्यासारखं त्यांत फार काही नाही आणि मोडण्यासारखं बरंच आहे.

दिशा उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी दिल्या आहेत. डावखुऱ्यांनी त्या उलट धराव्यात.

## टप्पा १: जागा आणि सामान

जागा. टेबलाच्या मागे किमान तीन मीटर आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर मोकळे हवेत. गोव्यातल्या पेडे किंवा नावेलीच्या इनडोअर स्टेडियममध्ये ही अडचण येत नाही. अडचण येते ती पंचायतीच्या सभागृहात आणि घरच्या व्हरांड्यात. भिंतीला टेकून रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, बाक, पाण्याच्या बाटल्या, चपला हे सगळं आधी बाहेर काढा. बाजूला जागा नसेल तर तिसरा फटका, म्हणजे नेटच्या बाहेरून जाणारा, तिथे शिकूच नका.

फरशी. गोव्यात जून ते सप्टेंबर फरशी कोरडी दिसली तरी दमट असते, आणि गुळगुळीत टाइल्सवर तर ते नजरेलाही येत नाही. सरावाआधी सुक्या फडक्याने पुसा आणि बूट घालून एक पाय जोरात सरकवून बघा. बूट चिरकला तर ठीक, सरकला तर त्या दिवशी फक्त जागेवर उभं राहून करायचा सराव. बूट गम सोलचेच हवेत. चालण्याचे जाड टाचांचे बूट बाजूला पाऊल टाकताना घोटा वळवतात.

टेबल. तीस सेंटिमीटरवरून चेंडू सोडला की तो साधारण तेवीस सेंटिमीटर उसळला पाहिजे. प्लायवुडचं टेबल दमटपणाने फुगलेलं असेल तर काही ठिकाणी चेंडू बसतो. त्या जागा खडूने खुणा करून टाळा, नाहीतर दोष टेबलाचा आणि तुम्ही मनगट बदलत बसाल. नेटची उंची १५.२५ सेंटिमीटर आहे ना, तेही मोजा. क्लबांतली नेट मधोमध सैल पडलेली असतात, आणि खाली आलेल्या नेटवर शिकलेली सर्व्हिस नीट ताणलेल्या नेटला अडकते.

रबर. दोन्ही बाजूंना सपाट, पकड असलेलं रबर. स्पंज १.८ ते २ मिलिमीटर पुरे. त्याहून जाड घेतल्यास चेंडू वेगाने सुटतो आणि ताबा राहत नाही. दाण्यांचं रबर लावून खेळणाऱ्यांनी या सरावासाठी वेगळी बॅट ठेवावी. बॅट दुपारी बंद गाडीत ठेवू नका. उन्हाने गोंद सुटतो आणि कडांना फुगे येतात.

चेंडू. सरावाचे चाळीस मिलिमीटरचे प्लास्टिकचे चेंडू, दोन ते तीन डझन. नव्या चेंडूंवर पांढरी भुकटी असते आणि ती असेपर्यंत रबर चेंडू पकडत नाही. साध्या पाण्यात धुऊन फडक्यावर वाळवा. चार-पाच चेंडूंवर पक्क्या शाईच्या पेनाने मध्यावर एक जाड रेघ गोल फिरवून काढा. चेंडू कुठल्या दिशेला आणि किती फिरतो ते डोळ्यांना दिसण्यासाठी याहून स्वस्त उपाय नाही.

चेंडू गोळा करायची नळी किंवा लांब दांड्याची जाळी जरूर घ्या. पन्नास चेंडूंसाठी पन्नास वेळा कमरेत वाकलात तर कंबर फटक्याने धरणार नाही, वेचण्यानेच धरेल.

तपासणी: चेंडू बॅटवर ठेवून बोटाने हलका दाबा आणि पुढे सरकवा. रबराने तो पकडून फिरवला तर स्पिनचा सराव करा. साबण लावल्यासारखा घसरला तर रबर ओलसर आहे. ओल्या स्पंजने पुसा, सुक्या मऊ फडक्याने टिपा, पाच मिनिटं थांबा. तरीही घसरतच असेल तर त्या दिवशी पहिला आणि दुसरा फटका सोडून चौथा करा, त्याला स्पिन लागत नाही. पावसाळ्यात असे दिवस बरेच येतात. स्पिनची खरी पायाभरणी चवथ (गणेशचतुर्थी) सरली, पाऊस ओसरला की करावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

## टप्पा २: शरीराची तयारी

रक्तदाब, हृदय, रक्त पातळ करायची गोळी, गुडघ्याची किंवा खांद्याची जुनी शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. विचारताना ‘टीटी खेळतो’ एवढंच सांगू नका. ‘हात पाठीमागे नेऊन आणि झटकन बाजूला जाऊन खेळायचं आहे’ असं सांगा, म्हणजे उत्तर कामाचं मिळेल.

चष्मा. याकडे जवळजवळ कुणाचंच लक्ष जात नाही. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्म्याचा खालचा भाग वाचनासाठी असतो. टेबलाच्या उंचीवरचा चेंडू तुम्ही नेमका त्याच भागातून बघता, म्हणून तो धूसर दिसतो आणि बॅट उशिरा लागते. टीटीसाठी एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या. टेबलाच्या पलीकडच्या टोकापर्यंत, म्हणजे तीन मीटरपर्यंत स्पष्ट दिसायला हवं, असं चष्मेवाल्याला सांगा. काच नको, प्लास्टिकची लेन्स घ्या. मागे पट्टी लावा.

वॉर्मअप, दहा ते बारा मिनिटं. तीन मिनिटं हॉलभर चालणं. मग घोटे, गुडघे आणि कंबर गोल फिरवणं. हात खांद्यातून आधी लहान आणि मग मोठ्या वर्तुळात. छाती डावीकडे-उजवीकडे वळवणं, प्रत्येकी दहा वेळा, पाय जागेवर ठेवून. शेवटी टेबलामागे बाजूबाजूने पावलं, दोन इकडे, दोन तिकडे. थंड शरीर ताणून धरायचे प्रकार आधी नकोत, ते खेळ संपल्यावर.

त्यानंतर पाच मिनिटं साधं फोरहँड-बॅकहँड नॉकिंग, म्हणजे बॅटच्या तळहाताकडच्या आणि पाठच्या बाजूने एकमेकांना हळू चेंडू देत राहणं. इथे सलग वीस चेंडू टेबलावर राहत नसतील तर आज करामतींचा दिवस नाही, असं समजा.

सावध: हे फटके गेम खेळून झाल्यावर, शेवटच्या दहा मिनिटांत ‘गंमत म्हणून’ करायची पद्धत सगळीकडे आहे. ती बंद करा. दमलेला पाय अर्धं पाऊल कमी टाकतो आणि ते अर्धं पाऊल कंबर वाकून भरून काढते. करामतींचा सराव नॉकिंगनंतर आणि गेमच्या आधी, वीस ते पंचवीस मिनिटं, आठवड्यातून दोनदा. दोन दिवसांमध्ये किमान एक दिवस मोकळा.

आणि पाणी. टीटीला पंखे बंद ठेवावे लागतात, चेंडू उडतो म्हणून. गोव्याच्या दमट हवेत बंद हॉलमध्ये घाम वाळतच नाही. दर पंधरा मिनिटांनी थांबून दोन घोट प्या, तहान लागायची वाट बघू नका. मीठ चालत असेल तर कोकम सरबत उत्तम. रक्तदाबवाल्यांनी मीठ घालू नये. मधुमेहींनी साखर घालू नये.

## टप्पा ३: एकच नियम, जमिनीवर शिकायचा

पुढच्या दोन फटक्यांचं मर्म एका वाक्यात आहे: चेंडूच्या पोटाखालून बॅट ज्या दिशेला घासत जाते, त्याच्या उलट दिशेला चेंडू टप्प्यानंतर उडतो. बॅट पोटाखालून पुढे गेली तर चेंडू टप्पा खाऊन मागे येतो. उजवीकडून डावीकडे गेली तर तो उजवीकडे पळतो. कारण साधं आहे. बॅटने चेंडूचा तळ ज्या दिशेला फिरवलेला असतो, त्याच दिशेला तो तळ टेबलाला घासतो आणि टेबल त्याला उलट ढकलतं.

चेंडूच्या कंबरेला, म्हणजे बाजूला घासून दिलेला स्पिन हवेत चेंडू वळवतो, पण टप्प्यावर फारसा उडवत नाही. हा फरक कळला नाही की माणूस महिनोन् महिने बाजूने घासत राहतो आणि ‘वळत का नाही’ म्हणून रबर बदलतो.

सराव टेबलावर नाही, मोकळ्या फरशीवर.

१. टेबलापासून लांब उभे राहा. बॅट सैल धरा, अंगठा आणि पहिलं बोट यांत पकड, बाकीची तीन बोटं नुसती टेकलेली.

२. चेंडू वीत-दीड वीत वर उडवा. खाली येताना, कमरेच्या उंचीवर, जवळजवळ आडव्या बॅटने त्याच्या पोटाखालून पुढे घासा. हात कोपरातून थोडा, मनगट जास्त.

३. चेंडू एक-दीड मीटर पुढे पडून मागे तुमच्याकडे यायला हवा.

४. दहांपैकी सात परत आले की बॅट आडवी, उजवीकडून डावीकडे घासा. चेंडू उजवीकडे पळायला हवा. मग डावीकडून उजवीकडे.

आवाज ऐका. ‘टक’ असा आला तर तुम्ही चेंडू मारलात. ‘सर्र’ असा, जेमतेम ऐकू येणारा आला तर घासलात. फरशीवर बसलेले शेजारी डोळे मिटूनही हे सांगू शकतात, म्हणून सोबत्याला आवाजावर लक्ष ठेवायला सांगा.

तपासणी: रेघ काढलेला चेंडू वापरा, उडवताना रेघ घासण्याच्या दिशेत ठेवा. हवेत रेघ डुगडुगत असेल तर घासणं तिरकं झालं आहे. ती स्थिर पट्ट्यासारखी दिसेपर्यंत टेबलाकडे जाऊ नका. बहुतेकांना याला दोन ते तीन आठवडे लागतात.

## टप्पा ४: पहिला फटका, मागे येणारी सर्व्हिस

१. टेबलाच्या मागच्या कडेजवळ, डाव्या कोपऱ्याला उभे राहा. डावा पाय पुढे, गुडघे जरासे वाकलेले.

२. चेंडू उघड्या तळहातावरून सरळ वर उडवा, किमान १६ सेंटिमीटर. तळहात टेबलाच्या पातळीहून वर आणि मागच्या रेषेच्या मागे. घरगुती खेळात हा नियम कुणी बघत नाही, पण हातातूनच चेंडू मारायची सवय लागली तर स्पर्धेत पहिलीच सर्व्हिस बाद होते आणि घासायची वेळही चुकीची बसते.

३. चेंडू जवळजवळ नेटच्या उंचीपर्यंत खाली येऊ द्या. त्याहून उंचावर घासलात तर चेंडू दोन्ही टप्प्यांवर उंच उडतो.

४. जवळजवळ आडव्या बॅटने पोटाखालून पुढे घासा. बॅट चेंडूच्या मागच्या खालच्या अंगाला लागून पुढे निसटली पाहिजे. घासल्यावर बॅट थांबवा, मागून ढकलू नका.

५. पहिला टप्पा आपल्या बाजूच्या मधल्या भागात, दुसरा पलीकडे नेटपासून एक-दीड वीत.

सुरुवातीला चेंडू पलीकडे दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याला फक्त थांबेल. थांबू लागला की निम्मं काम झालं. आता वेग वाढवायचा तो बॅटचा, चेंडूचा पुढे जायचा वेग नाही. हे दोन वेग वेगळे करता येणं म्हणजेच ही सर्व्हिस.

नेहमीच्या चुका:

- चेंडू नेटमध्ये जातो. बॅट उभी होते आहे. ती आणखी आडवी करा, जोर वाढवू नका.
- पुढे धावत जातो, थांबत नाही. घासण्याऐवजी ढकललं जातंय. पकड सैल करा, दोन दिवस फरशीवर परत जा.
- उंच उडतो. चेंडू लवकर गाठलात. अजून खाली येऊ द्या.
- मनगट दुखतं. जोर अंगठ्यातून जातोय. एका दिवसात चाळीसपेक्षा जास्त सर्व्हिस नकोत. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असेल तर पंचवीस. मुठीवर मऊ ग्रिप गुंडाळली की अंगठ्याला आवळायची गरज कमी होते.

एक गैरसमज दूर करायला हवा. चेंडू नेटवरून परत तुमच्याकडे आला तरच गुण, असं अनेकांना वाटतं. पलीकडे त्याचा दुसरा टप्पा पडला की गुण तुमचाच झाला, पुढचं सगळं शोभेचं. मात्र पलीकडे एकच टप्पा पडून चेंडू परत नेटवरून तुमच्याकडे येत असेल तर कौतुकाने त्याला हात लावू नका. तो तुमच्या टेबलावर पडू द्या.

## टप्पा ५: दुसरा फटका, टप्प्यावर पळणारा लॉब

याला ‘साप’ म्हणतात. समोरच्याच्या बाजूला पडून चेंडू सटकन एका अंगाला जातो. व्हिडिओत हा टेबलापासून चार-पाच मीटर मागे जाऊन, स्मॅश (समोरच्याचा जोरदार फटका) परतवताना मारलेला दिसतो. आपण तो दीड मीटरवरून, कमरेच्या उंचीला मारायचा. परिणाम तोच, धावाधाव नाही.

१. सोबत्याला टेबलाच्या पलीकडून हाताने चेंडू फेकायला सांगा. बॅटने नको, हाताने. चेंडू तुमच्या बाजूला पडून कमरेपर्यंत यावा. प्रत्येक वेळी एकाच जागी.

२. अंग उजवीकडे वळवून उभे राहा, डावा खांदा टेबलाकडे. बॅटचं टोक उजवीकडे आणि थोडं खाली.

३. चेंडू वर जाऊन खाली यायला लागला की पोटाखालून उजवीकडून डावीकडे घासा आणि त्याच हालचालीत किंचित वर उचला. बॅटचा शेवट डाव्या छातीसमोर.

४. चेंडू नेटच्या वर एक ते दीड मीटर जावा आणि पलीकडच्या मागच्या कडेजवळ पडावा. अधेमधे पडला तर समोरचा तो निवांत मारतो.

५. टाकायचा कुठे? नियम आठवा: उजवीकडून डावीकडे घासलं की चेंडू तुमच्या उजवीकडे पळतो. म्हणून तो तुमच्या उजव्या बाजूच्या लांबच्या कोपऱ्यात टाका, म्हणजे टप्पा पडला की टेबलाबाहेरच जाईल. डाव्या कोपऱ्यात टाकलात तर तो वळून टेबलाच्या मध्यावर, समोरच्याच्या हातात येतो. फटका बरोबर आणि जागा चुकली, असं सगळ्यात जास्त इथेच होतं.

दहांपैकी सहा कोपऱ्यात पडले की सोबत्याने हळू बॅटने चेंडू द्यावेत. त्यानंतरच हलका स्मॅश.

सावध: मागे जायचं असेल तर तोंड टेबलाकडे ठेवून उलटं धावू नका. या वयात टीटीत पडण्याची सर्वांत मोठी भीती इथे असते, टाच अडकते आणि माणूस पाठीवर पडतो. अंग वळवा आणि बाजूने पावलं टाकत मागे जा. फरशीवर पडलेले चेंडू आधी उचला. पायाखाली आलेला चेंडू नेहमी मागच्या पायाखालीच येतो.

## टप्पा ६: तिसरा फटका, नेटच्या बाहेरून

चेंडू नेटवरूनच गेला पाहिजे असं नाही. तो नेटच्या खांबाच्या बाहेरून, नेटच्या उंचीपेक्षा खालूनही जाऊ शकतो. पलीकडच्या टेबलावर पडला की फटका वैध. लोक इथे हुकतात ते मनगटाच्या कौशल्यात नाही, जागेच्या हिशेबात.

नेट साइडलाइनच्या बाहेर १५.२५ सेंटिमीटर आलेलं असतं. चेंडूची रुंदी धरून तुम्हाला किमान वीस सेंटिमीटर बाहेरून जायचंय. तुम्ही टेबलाच्या मागे अर्ध्या मीटरवर आणि साइडलाइनपासून साठ सेंटिमीटर बाहेर चेंडू गाठलात, तर सरळ तिरक्या रेषेत, काहीही न वळवता तो पलीकडच्या शेवटच्या अर्ध्या मीटरमध्ये बसतो. पंचेचाळीस सेंटिमीटरवर गाठलात तर सरळ रेषेतला चेंडू टेबलामागे निघून जातो, तिथे तो हवेत आत वळवावाच लागतो. तीसच सेंटिमीटर बाहेर असाल तर हा फटका विसरा आणि नेटवरून मारा.

म्हणून पहिलं काम जमिनीवर खडूने खुणा करणं: साइडलाइनच्या बाहेर साठ सेंटिमीटरवर एक, पंचेचाळीसवर एक.

१. साठच्या खुणेशी उभे राहा. डाव्या हाताने चेंडू फरशीवर टाका, तो उसळून टेबलाच्या उंचीच्या जरा वर (टेबल ७६ सेंटिमीटर उंच असतं) आला की साधा फोरहँड मारा. स्पिन नाही. पलीकडच्या शेवटच्या पट्ट्यात टॉवेल अंथरून ठेवा, तोच नेम.

२. टॉवेलवर दहांपैकी पाच बसले की पंचेचाळीसच्या खुणेवर या. आता बॅटचं टोक किंचित खाली, आणि चेंडूच्या बाहेरच्या, म्हणजे उजव्या अंगाला पुढच्या दिशेने घासा. चेंडू हवेत डावीकडे, टेबलाकडे वळेल. इथे पोटाखालून नाही, बाजूनेच घासायचं, कारण वळण टप्प्यावर नाही, हवेत हवं आहे.

३. मग सोबत्याला तुमच्या फोरहँडला आखूड, बाहेर जाणारे चेंडू द्यायला सांगा. तुम्ही मधून सुरुवात करा आणि बाजूची दोन पावलं टाकून खुणेवर पोचा. एक लांब ढांग नको. लांब ढांगेत उजव्या गुडघ्यावर सगळं वजन वळत्या पायाने येतं.

तपासणी: मारताना उजव्या गुडघ्याकडे बघा, किंवा मोबाइल बाजूला टेबलाच्या उंचीवर ठेवून स्लो मोशनमध्ये टिपा. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेतच असला पाहिजे. आत झुकत असेल तर पावलं कमी पडताहेत.

चेंडू टेबलाच्या खूप खाली गेला असेल तर तो सोडा. गुण गेला तर जाऊ दे, वाकून उचलायला जाऊ नका.

## टप्पा ७: चौथा फटका, पाठीमागून

सगळ्यांना आधी हाच हवा असतो आणि यायला हवा सगळ्यात शेवटी. आधी एक परीक्षा. उजवा हात पाठीमागे न्या आणि अंगठा डाव्या कमरेच्या हाडाला लावा. न दुखता, खांदा पुढे न झुकवता पोचतो का? पोचत नसेल किंवा टोचत असेल तर फटका करू नका. खांदा आखडलेला असेल तर तर मुळीच नाही. त्याऐवजी बॅट चटकन डाव्या हातात घेऊन मारा. ते नियमात बसतं, बघणाऱ्यांना तितकंच आवडतं आणि खांदा शाबूत राहतो. बॅट फेकून मात्र मारता येत नाही, ती हातात असायलाच हवी.

परीक्षा पास झालात तर:

१. बॅट नाही, चेंडू नाही. नुसता हात पाठीमागे नेऊन डाव्या कमरेबाहेर काढायचा, दहा वेळा, सावकाश. कोपर वाकलेलं.

२. आता बॅट घेऊन तेच. आरशासमोर किंवा काचेच्या दारासमोर उभे राहा. तोंड समोर असताना बॅटची बॅकहँडची बाजू पुढे येते. मनगट पिळून फोरहँडची बाजू पुढे आणायला जाऊ नका, दुखणं तिथेच सुरू होतं.

३. डावा पाय अर्धं पाऊल पुढे, डावा खांदा जरा टेबलाकडे. त्यामुळे बॅट आपोआप पुढे येते आणि ती डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसते. दिसत नसेल तर अजून वळा, कमरेतून मागे वाकू नका.

४. सोबत्याने दीड मीटरवरून हाताने डाव्या कमरेच्या बाहेर, एक वीत अंतरावर चेंडू टाकावा. तुम्ही बॅट फिरवायची नाही, फक्त आड धरायची, ब्लॉक करतो तशी. बॅटचं तोंड थोडं वर. चेंडू परत सोबत्याच्या हातात गेला पाहिजे.

५. दहांपैकी सात झाले की टेबल. सोबत्याने हळू चेंडू डाव्या कमरेवर द्यावा. तुम्ही अर्धं पाऊल उजवीकडे सरकायचं, चेंडूला डावीकडून जायला वाट द्यायची आणि बॅट आड धरायची. खांदा वळवल्यामुळे चेंडू थोडा उजवीकडे जाईल, म्हणून नेम टेबलाच्या मध्यावर धरा.

चुका मोजक्याच असतात. हात उशिरा मागे जातो, कारण चेंडूचा टप्पा पडेपर्यंत माणूस ठरवत बसतो. चेंडू नेट ओलांडतानाच ठरवा. बॅट जोराने फिरवली जाते आणि पाठीला लागते. किंवा चेंडू उजवीकडे आलेला असतानाही केवळ हौसेने पाठीमागून मारला जातो, ते वेगळंच दुखणं.

एका वेळी पंधरापेक्षा जास्त चेंडू नकोत. रात्री उजव्या कुशीवर झोपताना खांदा दुखला तर आठवडाभर हा फटका बंद.

## टप्पा ८: गेममध्ये कधी काढायचा

सरावात दहांपैकी सात बसणारा फटका गेममध्ये दहांपैकी तीन-चारच बसतो, हे धरून चला. दोन-तीन गुणांनी पुढे असाल तेव्हा काढा, बरोबरीत नाही. मागे येणारी सर्व्हिस एका गेममध्ये एकदाच. दुसऱ्यांदा समोरचा पुढे सरसावून उभा असतो, तेव्हा तीच हालचाल दाखवून लांब, वेगवान सर्व्हिस टाका.

मोकळा हात टेबलाला लागला किंवा टेबल हललं तर गुण जातो. नेटजवळचा चेंडू गाठताना डाव्या हाताने टेबलाचा आधार घ्यायची सवय या वयात सहज लागते आणि लक्षातही येत नाही. सोबत्याला तेवढंच बघायला सांगा.

डबल्समध्ये सर्व्हिस आपल्या उजव्या अर्ध्यातून पलीकडच्या तिरक्या अर्ध्यातच पडायला हवी, त्यामुळे मागे येणारी सर्व्हिस तिथे वेगळी घोटावी लागते. नेटबाहेरून मारायला जाल तेव्हा जोडीदाराला आधी हाक द्या. दोघेही एकाच बाजूला धावलात की आदळणार तुम्हीच.